बिझनेस क्रेडिट कार्ड (छोट्या धंद्यासाठी निवड)

धंद्याच्या खर्चासाठी बँकेने धंद्याला किंवा धंदा करणाऱ्या माणसाला दिलेलं, ठरलेल्या लिमिटपर्यंत उधारीवर चालणारं कार्ड म्हणजे बिझनेस क्रेडिट कार्ड. या नोंदीत भारतातली कार्डं घेतली आहेत, आणि त्यातही प्रोप्रायटरी, भागीदारी, छोटी प्रायव्हेट लिमिटेड अशा धंद्यांनी कार्ड निवडताना काय बघायचं तेवढंच. स्वाइप, ओटीपी, पिन सगळ्यांना माहीत आहे, म्हणून ते सोडलं आहे.

नावाचा गोंधळ आधी दूर केलेला बरा, कारण आपल्याकडे ‘क्रेडिट कार्ड’ हे नाव बऱ्याच सरकारी कर्जांनाही चिकटलं आहे. १९९८ चं किसान क्रेडिट कार्ड हे मुळात पीककर्जाचं खातं, लघु उद्यमी क्रेडिट कार्ड हे छोट्या कारखानदार-दुकानदारांच्या खेळत्या भांडवलाची सोय, आणि २०१५ च्या मुद्रा योजनेतलं मुद्रा कार्ड तर तांत्रिकदृष्ट्या रुपे डेबिट कार्ड, जे खेळत्या भांडवलाच्या कर्जखात्याला जोडलेलं असतं. यांच्यात बिनव्याजी मुदत हा प्रकार नाही, पैसे उचलले की व्याज सुरू. २०२५ च्या अर्थसंकल्पात उद्यम पोर्टलवर नोंदलेल्या सूक्ष्म उद्योगांसाठी ५ लाख रुपये लिमिटची खास कार्डं जाहीर झाली आणि पहिल्या वर्षी अशी १० लाख कार्डं देण्याचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. त्यामुळे बँकेत जाऊन नुसतं “क्रेडिट कार्ड पाहिजे” म्हटलं तर समोरचा यातलं काहीही पुढे करू शकतो, म्हणून नक्की कोणतं ते आधीच विचारून घ्यावं.

उगम

‘क्रेडिट कार्ड’ हा शब्द कार्डाच्या आधीचा आहे. १८८८ साली छापलेल्या एका अमेरिकन कादंबरीत तो येतो, पण तिथलं कार्ड म्हणजे सरकारने प्रत्येक नागरिकाला दिलेला वार्षिक वाटा, म्हणजे त्यात उधारी नाहीच, त्यामुळे शब्दाच्या इतिहासात ते धरावं, वस्तूच्या नाही. प्रत्यक्ष कार्डाची सुरुवात बहुतेक ठिकाणी १९५० च्या न्यूयॉर्कमधल्या डायनर्स क्लबपासून सांगतात. फ्रँक मॅकनामारा हॉटेलात जेवले आणि पाकीट घरी राहिल्याचं लक्षात आलं, त्यातून कल्पना सुचली, ही गोष्ट जवळपास सगळीकडे छापलेली आहे. पण ती नंतर प्रसिद्धीसाठी रचली गेली असंही सांगितलं जातं आणि तेच जास्त पटण्यासारखं आहे. महत्त्वाचं म्हणजे डायनर्सचं कार्ड हे चार्ज कार्ड होतं, महिनाअखेर सगळं बिल चुकतं करायचं. उरलेलं बिल पुढच्या महिन्यात ढकलायची सोय असलेलं बँकेचं कार्ड मोठ्या प्रमाणावर आलं ते १९५८ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो गावात, बँक ऑफ अमेरिकाचं. त्याचंच पुढे व्हिसा झालं.

भारतातलं पहिलं कार्ड कोणतं यावर दोन मतं दिसतात. एक मत डायनर्स क्लबला मान देतं, जो काली मोदी यांनी १९६०-६१ च्या सुमारास भारतात आणला. दुसरं मत १९८० च्या सेंट्रल बँक ऑफ इंडियाच्या सेंट्रलकार्डला. आंध्र बँकेचं नावही या संदर्भात येतं पण तिचं कार्ड साधारण वर्षभर नंतरचं. वाद खरं तर व्याख्येचा आहे. कार्ड दाखवून उधार घेता आलं की झालं असं मानलं तर डायनर्स, आणि बँकेने स्वतःच्या पैशावर काढलेलं कार्ड हवं असेल तर सेंट्रल बँक. १९११ साली सोराबजी पोचखानवाला यांनी मुंबईत काढलेल्या या बँकेकडे तो मान जाणं जास्त योग्य वाटतं, कारण आज धंदेवाला ज्याला कार्ड म्हणतो ते बँकेचंच असतं.

अजून मागे जायचं तर आपल्या पेढ्यांवरची मुदती हुंडी (पैसे देण्याची लेखी चिठ्ठी) आहे. दर्शनी हुंडी दाखवली की पैसे, मुदती हुंडी ठरलेल्या दिवसांनी. कार्ड हुंडीतूनच आलं असं म्हणायला आधार नाही, पण माल आज, पैसे मुदतीने, आणि मध्ये पत असलेला तिसरा माणूस, ही रचना आपल्या बाजारपेठेला नवी नव्हती.

नियम

रिझर्व्ह बँकेचे कार्डांविषयीचे एकत्रित निर्देश २१ एप्रिल २०२२ ला आले, बहुतांश लागू झाले १ जुलै २०२२ पासून. त्यात बिझनेस कार्डाचा वेगळा उल्लेख आहे, आणि असं कार्ड ओव्हरड्राफ्ट किंवा कॅश क्रेडिटला (धंद्याला लागेल तसे उचलायचे आणि परत भरायचे बँकेचे कर्जप्रकार) जोडूनही देता येतं. मार्च २०२४ च्या दुरुस्तीत बिझनेस कार्डावरचा पैसा खरंच धंद्याच्याच कामाला लागतोय का यावर लक्ष ठेवायची व्यवस्था बँकांना करायला सांगितली, म्हणजे घरचा फ्रिज बिझनेस कार्डावर घेण्याची सवय असेल तर ती सोडावी. फेब्रुवारी २०२४ मध्येच रिझर्व्ह बँकेने एका कार्ड नेटवर्कला (व्हिसा, रुपे यांसारखी कार्डाचे व्यवहार पोचवणारी संस्था), कार्ड न घेणाऱ्या पार्टीला मध्यस्थामार्फत कार्डाचे पैसे पोचवण्याची व्यवस्था थांबवायला सांगितलं. बरेच धंदे पुरवठादाराचं बिल याच वाटेने भरत होते, त्यामुळे “कार्डावरून कुणालाही पेमेंट” अशी जाहिरात दिसली तर ती सोय आजच्या घडीला चालू आहे का हे बँकेकडूनच खात्री करून घ्यावं.

तारखांचा हिशोब

निवडीचा गाभा इथे आहे, आणि नेमकं याच गोष्टीवर सगळ्यात कमी बोललं जातं. समजा एखाद्या फरसाणवाल्याचं स्टेटमेंट (महिन्याचं बिल) दर १२ तारखेला निघतं आणि ड्यू डेट (पैसे भरायची शेवटची तारीख) पुढच्या २ तारखेला. त्याने १३ मार्चला ४०,००० चे तेलाचे डबे आणि बेसन उचललं तर ते १२ एप्रिलच्या स्टेटमेंटमध्ये येईल आणि पैसे २ मेला, म्हणजे ५० दिवस बिनव्याजी. तोच माल ११ एप्रिलला घेतला तर मुदत फक्त २१ दिवस. म्हणून ज्या तारखांना आपली मोठी खरेदी होते आणि ज्या तारखांना आपली वसुली येते त्या दोन्ही वहीत बघून मग कार्डाची बिल तारीख ठरवावी. ती बदलून मागायचा हक्क वरच्याच निर्देशांनी दिलेला आहे, पण बहुतेकांना ते कुणी सांगतच नाही.

आता यातली दुसरी बाजू. घाऊक व्यापारी बरेचदा म्हणतो, “कार्डाला दोन टक्के वेगळे पडतील.” ४०,००० वर ८०० रुपये. ५० दिवसांसाठी २ टक्के म्हणजे वर्षाला साधारण १४.६ टक्के दर झाला, २१ दिवसांसाठी तेच जवळपास ३५ टक्के. रिवॉर्ड पॉइंट एक टक्का मिळाला तरी हे भरून निघत नाही. ज्याच्याकडे बँकेची कॅश क्रेडिट लिमिट आहे त्याने त्या दराशी हा आकडा ताडून बघावा, पुष्कळदा कॅश क्रेडिटच स्वस्त पडतं.

आणि बिल पूर्ण भरलं नाही तर सगळंच गणित उलटतं. मिनिमम ड्यू (निदान एवढी भरायलाच हवी अशी रक्कम) साधारण ५ टक्के असतो, म्हणजे इथे २,०००. उरलेल्या ३८,००० वर महिना ३.५ टक्क्यांनी १,३३० व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी सुमारे २३९, कारण इतर कर्जांच्या व्याजाला जीएसटीतून सूट आहे पण क्रेडिट कार्डाच्या व्याजाला नाही. व्याज खरेदीच्या तारखेपासून मोजतात, आणि बाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. वर्षाला ३० टक्क्यांच्या वर व्याज लावणं गैर असा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा निकाल होता, तो सुप्रीम कोर्टाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला, त्यामुळे तिकडून आता संरक्षण नाही. एटीएममधून कार्डावर रोख काढणं तर टाळावंच, फी वेगळी आणि व्याज पहिल्या दिवसापासून.

जबाबदारी कुणाची

प्रोप्रायटरीत धंदा आणि मालक कायद्याने एकच, कार्डावर दुकानाचं नाव छापलं तरी थकबाकी मालकाच्या सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, दिसते (स्कोअर ३०० ते ९००). कंपनी असेल तरी बँक बहुधा संचालकाची वैयक्तिक हमी घेते, सही करण्याआधी तो कागद वाचावा. कामाच्या माणसांना ॲड-ऑन, म्हणजे त्याच खात्यावरची जादा, कार्डं देता येतात, प्रत्येकाला वेगळी मर्यादा लावता येत असेल तर ते कार्ड वरचढ समजावं. अमेरिकेत धंदा असणाऱ्या मराठी लोकांनी एवढं ध्यानात ठेवावं की तिथला २००९ चा कार्ड कायदा ग्राहकांच्या कार्डांसाठी आहे, बिझनेस कार्डांना तो बहुतांशी लागू होत नाही.

ज्याला काहीच पत-इतिहास नाही त्याला एफडीवर मिळणारं कार्ड हा सरळ रस्ता आहे.

कर आणि बाकी

जीएसटी नोंदणी असेल तर बँकेकडे जीएसटी नंबर नोंदवून घ्यावा, म्हणजे फीवरच्या जीएसटीचं क्रेडिट मिळू शकतं. एका दिवसात एकाच माणसाला १०,००० च्या वर रोख दिलेला खर्च आयकर कायद्यात सहसा मान्य होत नाही, तिथे कार्ड उपयोगी पडतं. वर्षात कार्डाची १० लाखांच्या वर बिलं भरली की ती माहिती आयकर खात्याकडे जाते, उलाढाल त्याला साजेशी दाखवलेली असली पाहिजे.

रुपे क्रेडिट कार्ड सप्टेंबर २०२२ पासून यूपीआयला जोडता येतं. ज्या दुकानात मशीन नाही तिथे क्यूआरवर कार्ड चालतं, म्हणून हार्डवेअर, पॅकिंगचं सामान, टेम्पोचं भाडं असा किरकोळ खर्च जास्त असणाऱ्यांनी नेटवर्क निवडताना रुपेचा विचार करावा. मात्र क्यूआर व्यापारी खात्याचा हवा, टेम्पोवाल्याच्या घरच्या नंबरवर ते जात नाही. परदेशी चलनात बिल येणारी सॉफ्टवेअर वापरत असाल तर मार्कअप (चलन बदलण्याचा जादा आकार) बघा, ३.५ टक्के आणि वर जीएसटी हे नेहमीचं.

कार्ड बंद करायला सांगितलं आणि बाकी शून्य असेल तर बँकेने ७ कामकाजाच्या दिवसांत ते बंद करायचं असतं, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाचे ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. त्याआधी विजेचं बिल, जाहिरातींचे पैसे असे जे ऑटो-डेबिट त्या कार्डावर लावलेले असतील ते दुसरीकडे हलवून घ्यावेत.