क्लोरोक्वीनरोध

प्लाझ्मोडियम फॅल्सिपेरम या हिवतापाच्या परजीवीने क्लोरोक्वीनला दाद न देण्याचा गुणधर्म. दुसऱ्या महायुद्धानंतर जगभर वापरले गेलेले हे स्वस्त औषध त्यामुळे बहुतेक प्रदेशांत फॅल्सिपेरमवर निरुपयोगी ठरले.

उगम : १९५० च्या दशकाच्या अखेरीस थायलंड–कंबोडिया सीमाभागात आणि कोलंबियात, बहुधा स्वतंत्रपणे. कारणांबाबत मतभेद आहेत. काही अभ्यासक औषधमिश्रित मिठाच्या वाटपाकडे बोट दाखवतात. ब्राझीलमध्ये तेथील हिवतापतज्ज्ञ पिनोट्टी यांच्या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत कंबोडियातही राबवली गेली. तिच्यामुळे रक्तात औषधाची अपुरी मात्रा दीर्घकाळ राहते आणि रोधक परजीवीच तेवढे तगतात. इतर अभ्यासक कंबोडियातील पैलिनच्या रत्नखाणींत येणाऱ्या, प्रतिकारशक्ती नसलेल्या मजुरांच्या वर्दळीला महत्त्व देतात. मिठाने रोध निर्माण केला असे म्हणण्यापेक्षा त्याच्या फैलावास वाव दिला, असे मानणे अधिक सयुक्तिक. रोधाचे मुख्य जनुक पीएफसीआरटी. त्याच्या प्रथिनात ७६ व्या स्थानी लायसिनऐवजी थ्रिओनीन आले की, परजीवी आपल्या पाचक रिक्तिकेतून (पेशीतील अन्न पचवणाऱ्या पोकळीतून) औषध बाहेर टाकतो. आफ्रिकेतील रोध आशियातून पोचला, हे जनुकीय पुराव्यावरून आता बहुमान्य आहे. भारतात पहिली नोंद १९७३ मध्ये आसामात झाली.

प्रवासी : पूर्व आफ्रिकेतील सुरुवातीच्या नोंदी (१९७० च्या दशकाची अखेर) परदेशी प्रवाशांच्या आहेत. म्हणून रोध त्यांनीच नेला, असा निष्कर्ष निघत नाही. स्थानिक प्रौढांना अंशतः प्रतिकारशक्ती असते. प्रवाशाला ती नसल्याने औषधाचे अपयश त्याच्यात लगेच उघड होते. एकूण फैलावात प्रवाशांकडून होणाऱ्या औषधाच्या गैरवापराचा वाटा लहानच असावा. त्यांच्या स्वतःच्या जिवाला मात्र तो घातक ठरतो. मात्रेचा घोळ नेहमीचा : क्लोरोक्वीन फॉस्फेटच्या २५० मिग्रॅ. गोळीत मूळ औषध सुमारे १५० मिग्रॅ. असते, तर प्रौढाची साप्ताहिक प्रतिबंधक मात्रा ३०० मिग्रॅ. आहे. एकच गोळी घेणारा निम्म्या मात्रेवर राहतो. घरी परतताच गोळ्या बंद करणे हीदेखील गंभीर चूक होय. क्लोरोक्वीन व मेफ्लोक्वीन (हिवतापावरील दुसरे औषध) यकृतातील परजीवींना मारत नाहीत. हे परजीवी नंतर रक्तात उतरतात, म्हणून परतल्यावरही ४ आठवडे गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. रक्त न तपासता, तापावर उरलेल्या गोळ्या घेतल्यास निदानही लांबते.

सद्यःस्थिती : मलावीने १९९३ मध्ये क्लोरोक्वीन मागे घेतल्यावर सुमारे दशकभरात तेथे संवेदनक्षम परजीवी पुन्हा प्रबळ झाले. भारतात फॅल्सिपेरमसाठी आर्टेमिसिनीनयुक्त संयुक्त उपचार देतात. व्हायव्हॅक्स या हिवतापाच्या दुसऱ्या परजीवीसाठी क्लोरोक्वीनच प्रचलित आहे.