डाउन पेमेंट वेगळं, खरेदीचा खर्च वेगळा

पहिलं घर घ्यायला निघालेल्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं: "वीस टक्के जमले की झालं, बाकीचं बँक बघते." त्या भरवशावर माणसं वर्षानुवर्षं आरडी आणि एसआयपी भरतात, ठरवलेला आकडा गाठतात, फ्लॅट पसंत करतात आणि ॲग्रीमेंटच्या आठवड्यात पैसे कमी पडतात. मग घाईघाईने सोनं गहाण पडतं, नाहीतर पर्सनल लोन निघतं. हिशोबात चूक नसते. वीस टक्के हा आकडा डाउन पेमेंटचा असतो, आणि घर नावावर व्हायला हातात लागणारी रक्कम त्याहून बरीच मोठी असते.

डाउन पेमेंट म्हणजे घराच्या किमतीतून कर्ज वजा जाता उरलेला भाग. बँकवाले त्याला मार्जिन मनी किंवा 'स्वतःचं योगदान' म्हणतात. हे पैसे बिल्डरला किंवा घर विकणाऱ्याला जातात, किमतीतच मोजले जातात आणि त्या घरातला तुमचा हिस्सा बनतात. खरेदीचा खर्च किमतीच्या वर लागतो. मुद्रांक शुल्क, नोंदणी शुल्क, बांधकाम चालू असेल तर जीएसटी, बँकेची प्रोसेसिंग फी, वकील, दलाली हे सगळं त्यात आलं. त्यातला मोठा वाटा सरकारला जातो. दोन्ही रकमा एकाच खात्यातून, त्याच दोन-तीन महिन्यांत बाहेर पडतात, म्हणून त्यांची गल्लत होते.

ही गल्लत महागात पडते, कारण बँक फक्त पहिल्या रकमेशी संबंधित आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्के आणि ७५ लाखांच्या वरच्या कर्जात ७५ टक्के रक्कम देता येते. ही किंमत धरताना मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि कागदपत्रांचा खर्च त्यात मिळवायचा नाही, असंही नियमच सांगतो. अपवाद १० लाखांपर्यंतच्या घरांचा, म्हणजे शहरात जवळजवळ कुणाचाच नाही. त्यामुळे "मॅनेजरशी ओळख आहे, तो बसवून देईल" या आशेला इथे जागा नाही.

हे टप्पे घराच्या किमतीचे नसून कर्जाच्या रकमेचे आहेत, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. ३६ लाखांच्या घराला ९० टक्क्यांनी ३२ लाख ४० हजार मिळायला हवेत असं वाटतं. पण कर्ज ३० लाखांच्या वर गेलं की ८० टक्क्यांची मर्यादा लागते, आणि ३६ लाखांचे ८० टक्के २८ लाख ८० हजारच होतात. म्हणून या घराला जास्तीत जास्त ३० लाख मिळतात आणि डाउन पेमेंट ६ लाखांचं होतं. शिवाय या सगळ्या वरच्या मर्यादा आहेत. तुमचा पगार, चालू हप्ते आणि बँकेने केलेलं घराचं मूल्यांकन पाहून हाती येणारा आकडा याहून कमी असू शकतो. जुन्या घराच्या बाबतीत हे फार होतं: सौदा ठरतो ६० लाखांना, बँकेचा व्हॅल्युअर सांगतो ५५, आणि वरचे पाच लाख पूर्णपणे तुमच्यावर येतात.

आता खर्चाकडे वळू. इथे घर कुठे आहे आणि ते कोणत्या अवस्थेत आहे, यावर सगळं ठरतं. मुंबईत मुद्रांक शुल्क ६ टक्के आहे, पुणे महापालिकेच्या हद्दीत अधिभार धरून ७ टक्के. ते करारातल्या किमतीवर किंवा रेडी रेकनरच्या (सरकारने त्या भागासाठी ठरवलेल्या दरांच्या) किमतीवर, यातली जी जास्त असेल तिच्यावर लागतं. नोंदणी शुल्क १ टक्का, पण जास्तीत जास्त ३० हजार. बांधकाम चालू असलेल्या घराला ५ टक्के जीएसटी. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला) मिळाल्यानंतर घेतलेल्या घराला तो नाही, जुन्या घरालाही नाही.

पुण्यातला ६० लाखांचा, बांधकाम चालू असलेला फ्लॅट घेऊ. ८० टक्के कर्ज मिळालं तर डाउन पेमेंट १२ लाख. मुद्रांक शुल्क ४ लाख २० हजार, नोंदणी ३० हजार, जीएसटी ३ लाख. म्हणजे खर्च साडेसात लाख. घर घ्यायला साडेएकोणीस लाख लागतात, बारा नव्हे. बँकेची फी आणि वकील अजून धरलेलेच नाहीत. जीएसटी किमतीत धरून त्यावर कर्ज द्यायचं की नाही, याबाबत बँकांची पद्धत सारखी नसते, तेव्हा अर्ज करतानाच हे लेखी विचारून घ्यावं.

म्हणून माझं ठाम मत आहे की हिशोब उलट्या दिशेने करावा. आधी घराची किंमत धरून तिचे वीस टक्के काढू नयेत. हातात किती आहेत ते लिहावं, खर्च बाजूला काढावा, आणि उरलेल्या पैशांत कोणतं घर बसतं ते बघावं. समजा हातात १५ लाख आहेत. वीस टक्क्यांच्या हिशोबाने माणूस ७५ लाखांची घरं बघत फिरतो. पण पुण्यात बांधकाम चालू असलेल्या घराला वीस, सात आणि पाच मिळून ३२ टक्के लागतात, वर नोंदणीचे ३० हजार. १५ लाखांत ४५-४६ लाखांचं घर बसतं. तयार घर घेतलं तर जीएसटी वाचतो आणि तोच माणूस ५४ लाखांपर्यंत जाऊ शकतो, दलाली वेगळी. ७५ आणि ४५ यांच्यात एका खोलीचा फरक पडतो, कधीकधी उपनगराचाही. तो सॅम्पल फ्लॅट बघून मन बसण्याआधी कळलेला बरा.

त्या ४५ लाखांच्या आसपास आणखी एक गोष्ट आहे. घराची एकूण किंमत ४५ लाखांच्या आत असेल आणि चटई क्षेत्र मुंबई महानगरात ६० चौरस मीटरपर्यंत, पुण्यासारख्या ठिकाणी ९० चौरस मीटरपर्यंत असेल, तर ते परवडणाऱ्या घरांत मोडतं आणि जीएसटी १ टक्काच लागतो. ४५ लाखांच्या घरावर तो ४५ हजार होतो, ४६ लाखांच्या घरावर २ लाख ३० हजार. किमतीत एक लाखाचा फरक, करात पावणेदोन लाखांहून जास्त. पार्किंग आणि वरच्या मजल्याचे जादा पैसेही या ४५ लाखांत धरले जातात, म्हणून कोटेशन नीट वाचावं.

दोन्ही रकमांची वेळही वेगळी असते, आणि बहुतेकांची खरी ओढाताण तिथे होते. बँक पैसे सोडते ते ॲग्रीमेंट नोंदवल्यावर. ॲग्रीमेंट नोंदवायचं तर मुद्रांक आणि नोंदणी शुल्क आधी भरावं लागतं. म्हणजे सरकारचे पैसे बँकेच्या आधी लागतात, तेही एकरकमी. डाउन पेमेंटला थोडा श्वास मिळतो. रेरा या घरखरेदीदारांचं संरक्षण करणाऱ्या कायद्याच्या कलम १३ प्रमाणे नोंदणीकृत करार झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. आपल्या उदाहरणात करारापूर्वी फार तर ६ लाख जातील. त्यानंतर मुद्रांक आणि नोंदणीचे साडेचार लाख, आणि कराराची नोंद झाली की उरलेले ६ लाख. स्वतःचा वाटा पूर्ण भरल्याच्या पावत्या दाखवल्याशिवाय बँक साधारणपणे पहिला हप्ता सोडत नाही. "आत्ताच वीस टक्के भरा, करार पुढच्या महिन्यात करू" असं कोणी म्हटलं तर सरळ नाही म्हणावं. कायदा तुमच्या बाजूने आहे.

टोकनबद्दलही इथेच सांगायला हवं. बुकिंगला दिलेला चेक हा वेगळा खर्च नसतो, तो डाउन पेमेंटमध्येच धरला जातो. बेत फिसकटला तर तो बुडालाच असंही नाही. महारेराने (राज्याच्या रेरा प्राधिकरणाने) ठरवलेल्या वाटपपत्राच्या, म्हणजे बुकिंगनंतर बिल्डर देतो त्या पत्राच्या, नमुन्यानुसार पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत रद्द केलं तर काहीच कापत नाहीत, पुढे वाढत वाढत जास्तीत जास्त किमतीच्या २ टक्क्यांपर्यंत कापतात. सरकारी तिजोरीत गेलेले पैसे मात्र इतक्या सहज हलत नाहीत. मुद्रांकाचा परतावा मिळवायला मुदती आहेत, अर्ज आहेत, खेपा आहेत. तेव्हा मनात शंका असेल तर ती मुद्रांक शुल्क भरण्याआधी फेडून घ्यावी.

५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीच्या घरावरचा १ टक्का टीडीएस कुठल्या रकान्यात घालायचा, हा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. तो जादा खर्च नाही. बिल्डरला द्यायच्या पैशांतूनच कापून त्याच्या नावाने सरकारकडे भरायचा असतो. कापायचा राहिला तर व्याज आणि दंड खरेदीदाराला पडतो.

पैसे कुठून आणायचे, हेही दोन्ही रकमांना सारखं लागू होत नाही. डाउन पेमेंटसाठी पीएफमधून रक्कम काढता येते, आईवडिलांनी दिलेली भेट चालते आणि तिच्यावर प्राप्तिकर लागत नाही. हे सगळं बँक खात्यातून दिसलं पाहिजे. पर्सनल लोन काढून डाउन पेमेंट भरणं मला मान्य नाही. त्याचा हप्ता तुमच्या उत्पन्नातून वजा धरून बँक गृहकर्ज कमी करते, म्हणजे डाउन पेमेंट आणखी वाढतं. जुन्या घराचा मालक "ॲग्रीमेंट कमीचं करू, वरचे रोख द्या" म्हणाला तरी तेच होतं: कर्ज करारातल्या किमतीवर मिळतं, रोख सगळी तुमची जाते आणि तिची पावती कुठेच नसते. मुद्रांक शुल्क वाचेल या आशेने हे करणं बेकायदा तर आहेच, शिवाय पहिल्यांदा घर घेणाऱ्याला ते झेपतच नाही.

खर्च खरोखर कमी करायचा तर महाराष्ट्रात एक सरळ वाट आहे. घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. ६० लाखांच्या घरावर ६० हजार वाचतात. नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतलं तर सवलत नाही. नवरा कर्जाला सहअर्जदार राहू शकतो, पण घरात मालकी नसल्यामुळे त्याला प्राप्तिकरात गृहकर्जाची वजावट मिळत नाही. जुन्या करप्रणालीत असणाऱ्यांनी दोन्ही आकडे मांडून बघावेत. आणि सणासुदीला "मुद्रांक शुल्क माफ" अशी पाटी दिसली तर एवढंच विचारावं: ही सवलत न घेता थेट किमतीत सूट मागितली, तर किंमत किती कमी कराल? सरकार काही माफ करत नाही, बिल्डर स्वतःच्या किमतीतून ते भरतो. किंमत खाली आली तर तिच्यावरचं मुद्रांक शुल्क आणि जीएसटीही उतरतो, फक्त ती रेडी रेकनरच्या खाली गेली तर मुद्रांक शुल्क रेडी रेकनरवरच लागतं.

ताबा घेताना खर्चाचा आणखी एक टप्पा येतो: सोसायटी स्थापनेचे पैसे, एक-दोन वर्षांचा आगाऊ मेंटेनन्स, वीजमीटर. जुन्या घराला सोसायटीचं हस्तांतरण शुल्क असतं, महापालिका हद्दीत त्यातलं प्रीमियम २५ हजारांच्या वर घेता येत नाही. यातलं काहीही बँक देत नाही, आणि तोवर हप्ताही सुरू झालेला असतो. बिल्डरकडून या आकड्यांचा कागद बुकिंगच्या दिवशीच मागून घ्या, सहीशिक्क्यासह.