इंग्रजी काळांचा सराव

इंग्रजी शिकणाऱ्याला क्रियापदाची काळवाचक रूपे बिनचूक घडवता यावीत आणि प्रसंग पाहून त्यांतले नेमके रूप निवडता यावे, यासाठी करायचा अभ्यास. 'गाळलेल्या जागा भरा', 'काळ बदला', 'कंसातील क्रियापदाचे योग्य रूप लिहा' हे त्याचे शाळेतले ओळखीचे अवतार. तोंडी घोकणे, चित्रावरून गोष्ट सांगणे, ऐकलेला मजकूर पुन्हा उभा करणे, खेळ आणि रोजनिशी हेही त्यातच मोडतात. रूप घडवणे आणि रूप निवडणे ही दोन निराळी कौशल्ये आहेत. सरावाच्या वह्या बहुधा पहिल्याने भरतात आणि चुका मात्र दुसऱ्यात होत राहतात.

बारा काळांचा तक्ता

वर्तमान, भूत आणि भविष्य, प्रत्येकाचे साधा, चालू, पूर्ण आणि चालू पूर्ण असे चार प्रकार, एकूण बारा. पाठ करायला हा तक्ता सोयीचा आहे, पण भाषाशास्त्र त्याच्याकडे जरा संशयाने पाहते. प्रत्ययाने किंवा रूपबदलाने क्रियापदाच्या अंगावरच दिसतात असे काळ इंग्रजीत दोनच आहेत : भूत आणि भूतेतर. भविष्याला स्वतःचा प्रत्यय नाही. तिथे कधी 'विल', कधी 'गोइंग टू', ठरलेल्या भेटीगाठींसाठी चालू वर्तमान, तर वेळापत्रकासाठी चक्क साधा वर्तमान येतो : 'द ट्रेन लीव्ह्ज ॲट सिक्स टुमॉरो'. चालू आणि पूर्ण हे खरे तर काळ नव्हेत. क्रियेकडे आतून पाहायचे की ती आटोपल्यावर मागे वळून पाहायचे, हे त्यांतून ठरते. व्याकरणात याला क्रियाव्याप्ती म्हणतात.

डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओट्टो येस्पर्सन (1860–1943) यांनी व्याकरणातला काळ आणि घड्याळातली वेळ यांची गल्लत करू नये, असा आग्रह धरला होता. 'इफ आय हॅड टाइम, आय वुड कम' या वाक्यात 'हॅड' हे भूतकाळाचे रूप आहे, पण गोष्ट आत्ताची आहे आणि तीही हातात नसलेल्या वेळेची. शिकणाऱ्याला हे सुरुवातीला कोणी सांगत नाही. मग सशर्त वाक्यांचा धडा आला की तक्ता कोलमडतो.

तत्त्वज्ञ हान्स रायखेनबाख यांनी 1947 साली मांडलेली कल्पना सरावाला जास्त उपयोगी पडते. त्यांच्या मते काळ समजायला तीन बिंदू लागतात : बोलण्याचा क्षण, घटनेचा क्षण आणि ज्या ठिकाणी उभे राहून घटनेकडे पाहायचे तो संदर्भाचा क्षण. 'आय लॉस्ट माय की' म्हणताना बोलणारा किल्ली हरवली त्या क्षणी जाऊन उभा राहतो. 'आय हॅव लॉस्ट माय की' म्हणताना तो आत्ताच्या क्षणात असतो आणि दार अजून बंद असते. 'आय हॅड लॉस्ट माय की' मध्ये तो भूतकाळातल्याच एखाद्या क्षणी, समजा घरी पोचल्यावर, उभा राहून त्याहून मागे पाहतो. फळ्यावर काढली जाणारी काळरेषा ही याच विचाराची साधी आवृत्ती. शिक्षक सहसा घटनेचा बिंदू ठळक काढतात आणि बोलणारा कुठे उभा आहे ते काढायचे विसरतात. प्रेझेंट परफेक्ट, म्हणजे पूर्ण वर्तमानकाळ ('हॅव लॉस्ट'), तिथेच डोक्यावरून जातो.

रूपांचा सराव

रूपे पाठ असल्याशिवाय निवडीचा प्रश्नच येत नाही, म्हणून घोकंपट्टीला सरसकट नावे ठेवण्यात अर्थ नाही. वर्गात व्ही-वन, व्ही-टू, व्ही-थ्री म्हणून ओळखली जाणारी तीन रूपे नियमित क्रियापदांत प्रत्यय लावून मिळतात. अनियमित क्रियापदे दोनशेच्या आसपास आहेत, पण 'बी', 'हॅव', 'डू', 'से', 'गो', 'गेट', 'मेक', 'टेक', 'कम', 'सी' ही सर्वाधिक वापरातली क्रियापदे नेमकी त्यांतच येतात. यादी वर्णक्रमाने पाठ करण्यापेक्षा ध्वनीच्या कुटुंबाने लावली तर लवकर बसते : 'सिंग–सँग–संग' बरोबर 'रिंग' आणि 'ड्रिंक', 'कीप–केप्ट' बरोबर 'स्लीप' आणि 'वीप', 'ब्रिंग–ब्रॉट' बरोबर 'थिंक' आणि 'बाय', आणि अजिबात न बदलणारी 'कट', 'पुट', 'हिट' शेवटी. 'रीड' लिहायला तिन्ही रूपांत एकच, उच्चार मात्र 'रीड–रेड–रेड'. असल्या शब्दांसाठी वही पुरत नाही, तोंडच लागते.

नियमित प्रत्ययाचेही तसेच. लिहिताना तो एक आहे, बोलताना तीन : 'वॉक्ट' मध्ये ट, 'प्लेड' मध्ये ड आणि ज्यांच्या शेवटी मुळातच ट किंवा ड आहे त्यांना वेगळे अक्षर, 'वाँटिड', 'नीडिड'. हे न कळलेला विद्यार्थी 'वॉक-एड' म्हणतो. उलट बाजूने, भरभर बोलण्यात 'वॉक्ट टू' मधला ट पुढच्या ट मध्ये विरून जातो आणि भूतकाळ ऐकूच येत नाही. 'आय'व्ह', 'शी'ड' अशी आक्रसलेली रूपे तर त्याहून निसटती. 'शी'ड' म्हणजे 'हॅड' की 'वुड' हे पुढचे क्रियापद ऐकल्यावरच कळते. काळांचा श्रवणसराव फार थोडा करवला जातो. जे कानाला कधी जाणवलेच नाही, ते जिभेवर आपोआप येण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही.

प्रश्न आणि नकार यांत काळाची खूण सहाय्यक क्रियापद उचलते आणि मुख्य क्रियापद मूळ रूपात उरते. 'डिड नॉट वेंट' ही चूक यातूनच येते : शिकणारा भूतकाळ दोनदा भरतो. याला औषध म्हणजे होकार, नकार आणि प्रश्न ही तिन्ही वाक्ये प्रत्येक वेळी एकदमच बोलणे.

मनात नियम कसे बसतात

जीन बर्को यांनी 1958 मध्ये लहान मुलांवर केलेला प्रयोग या विषयात पुन्हा पुन्हा सांगितला जातो. 'रिक' सारखी अस्तित्वातच नसलेली क्रियापदे मुलांपुढे ठेवली, तर मुलांनी न अडखळता 'रिक्ट' असा भूतकाळ करून दाखवला. हे रूप त्यांनी कुठे ऐकलेले असणे शक्य नव्हते. म्हणजे ती नक्कल करत नव्हती, नियम चालवत होती. हाच नियम जास्त ताणला की 'गोड', 'कम्ड' अशी रूपे निघतात. आधी 'वेंट' बरोबर म्हणणारे मूल मध्येच 'गोड' म्हणू लागते आणि पुढे पुन्हा 'वेंट' वर येते. दुसरी भाषा म्हणून इंग्रजी शिकणारेही या वळणावरून जातात. ही अधोगती नसून प्रत्यय समजल्याची खूण आहे. लाल शाईने ती झाकणाऱ्याला ते दिसत नाही.

रूपे येण्याचा क्रमही साधारण ठरलेला असतो. रॉजर ब्राउन यांनी 1973 मध्ये इंग्रजी मातृभाषेच्या मुलांबाबत दाखवले की 'इंग' लवकर येतो आणि तृतीयपुरुषी एकवचनाचा 'स' बराच उशिरा. दुसरी भाषा शिकणाऱ्यांतही हा 'स' असाच रेंगाळतो. गंमत अशी, की 'ही गोज' हा पुस्तकातला अगदी सुरुवातीचा धडा असतो. सांगायला सोपा नियम वापरायलाही सोपा असतो, हा पाठ्यपुस्तकांचा जुना गैरसमज आहे.

क्रियापदाच्या अर्थाचाही हात असतो. झेनो व्हेंडलर यांनी 1957 मध्ये क्रियापदांचे स्थिती, कृती, पूर्तता आणि सिद्धी असे चार गट पाडले. शिकणाऱ्यांच्या भाषेवरील अभ्यासांत असे आढळते की भूतकाळाचा प्रत्यय आधी 'फॉल', 'ब्रेक', 'अराइव्ह' अशा क्षणात संपणाऱ्या, म्हणजे सिद्धी गटातल्या, क्रियापदांना चिकटतो आणि 'नो', 'वाँट', 'लिव्ह' यांच्यापर्यंत उशिरा पोचतो. म्हणून भूतकाळाची सुरुवात अपघात, हरवाहरवी, प्रवास अशा घडामोडींच्या गोष्टींनी करावी. 'लहानपणी मला काय हवे होते' हा विषय नंतर घ्यावा.

मातृभाषेची ओढ

लॅरी सेलिंकर यांनी 1972 मध्ये मातृभाषा आणि शिकायची भाषा यांच्या मधल्या, शिकणाऱ्याच्या भाषेला आंतरभाषा असे नाव रूढ केले. मातृभाषेची रचना तिच्यात पाझरत असते. मराठीत 'मी कालच आलोय' हे वाक्य अगदी सरळ आहे. इंग्रजीत प्रेझेंट परफेक्टला 'यस्टर्डे' चालत नाही, कारण तो काळ आत्ताच्या क्षणाला बांधलेला आणि 'काल' हा शब्द घटनेला मागे नेऊन बसवणारा. दुसरीकडे 'मी पाच वर्षांपासून इथे राहतो' हे मराठीत साधे वर्तमान, म्हणून 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स' असे निघते. हवे असते 'आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स'. या दोन्ही चुका मराठी भाषकांची मक्तेदारी नाहीत. जर्मन आणि फ्रेंच बोलणारेही जवळपास याच करतात, कारण त्यांच्याकडेही पूर्णकाळासारखे रूप कालच्या घटनेला चालते आणि 'इतक्या वर्षांपासून' ला साधा वर्तमान पुरतो. चिनी भाषेत काळासाठी क्रियापदाचे रूप बदलत नाही. तिथल्या विद्यार्थ्याची मुख्य अडचण निवडीआधी प्रत्यय लावायला विसरण्याची असते.

अप्रत्यक्ष कथनात मराठी बोलणाऱ्याचा मूळ काळ जपते : 'ती म्हणाली की मी येते'. इंग्रजी मात्र आतल्या वाक्यालाही मागे ओढते, 'शी सेड शी वॉज कमिंग'. आणि हाक आल्यावर जागेवरूनच 'आलो, आलो' म्हणणारा मराठी माणूस भूतकाळ वापरून भविष्य सांगत असतो, हे त्याच्या ध्यानीही नसते. स्वतःच्या भाषेतल्या अशा सवयी एकदा नीट पाहून ठेवल्या तर इंग्रजीचे नखरे तितके परके वाटत नाहीत. दोन्ही बाजूंनी भाषांतर करण्याचा सराव मध्यंतरी जुनाट ठरवला गेला. या एका कामासाठी तो अजूनही फार चांगला आहे.

निवडीचा सराव

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत साचेबद्ध तोंडी कवायतीची पद्धत जोर धरू लागली. मिशिगन विद्यापीठातली इंग्रजी भाषा संस्था 1941 मध्ये चार्ल्स फ्रीझ यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाली आणि या पद्धतीचे ते एक प्रमुख केंद्र होते. शिक्षक साचा देई, एक शब्द बदले, वर्ग एका सुरात वाक्य म्हणे. भाषा ही सवय आहे, हा त्यामागचा विचार. भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी 1959 मध्ये मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या याच धर्तीच्या भाषाविषयक मांडणीवर केलेल्या टीकेनंतर त्या विचाराचा पाया खचला आणि 1970 च्या दशकापासून संवादाला महत्त्व देणाऱ्या पद्धती आल्या. कवायत संपली नाही. आज ती संगणकाच्या पडद्यावर, हिरव्या-लाल खुणांसह चालते.

तिची मर्यादा एका वाक्यात दाखवता येते. 'व्हेन ही अराइव्ह्ड, वी ——' या रिकाम्या जागी 'लीव्ह' चे योग्य रूप भरायचे आहे. 'वी लेफ्ट' म्हटले तर तो आला आणि मग आम्ही निघालो. 'वी वर लीव्हिंग' म्हटले तर तो आला तेव्हा आम्ही दारात होतो. 'वी हॅड लेफ्ट' म्हटले तर त्याला रिकामे घर मिळाले. तिन्ही वाक्ये व्याकरणशुद्ध आहेत. उत्तरसूचीत एकच असेल तर चूक उत्तरसूचीची. चांगला सराव इथे उलटा चालतो : तीन उत्तरे द्यायची आणि कोणत्या वाक्यात पाहुण्याशी गाठ पडली ते विचारायचे. 'आय लिव्ह्ड देअर फॉर टेन इयर्स' आणि 'आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर टेन इयर्स' यांतला माणूस आता कुठे राहतो, हा प्रश्नही याच जातीचा.

एकाच काळाचे वीस प्रश्न एका पानावर आले की तिसऱ्यापासून डोके चालवावे लागत नाही. दोन-तीन काळ मिसळले की गती मंदावते, चुका वाढतात आणि शिकणे खरे होते. तेच प्रश्न काही दिवसांच्या अंतराने पुन्हा सोडवणेही हिताचे. विसरण्याचा वेग आणि अंतराने केलेली उजळणी यांवर हेरमान एबिंगहाउस यांनी 1885 मध्येच लिहून ठेवले आहे. नुसते पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून काढणे अधिक टिकते, हे रोडिगर आणि कार्पिक यांच्या 2006 च्या प्रयोगांत दिसले.

खेळांपैकी बचावाचा खेळ भूतकाळासाठी उत्तम. दोघांवर चोरीचा आळ. घटनेच्या वेळी दोघे एकत्र होते अशी कहाणी ते रचतात, मग वर्ग त्यांची वेगवेगळी उलटतपासणी घेतो. 'व्हॉट वर यू डूइंग ॲट नाइन?' विचारले की चालू भूतकाळ टाळताच येत नाही. ऐकून पुनर्रचना हा दुसरा प्रकार : छोटा मजकूर दोनदा वाचला जातो, विद्यार्थी मोजके शब्द टिपतात आणि गटाने तो पुन्हा लिहितात. 'हॅड' होते की नव्हते यावर गटात जो वाद होतो, तोच सराव.

चुका सुधारण्याबाबत लायस्टर आणि रँटा यांचा 1997 चा अभ्यास वाचण्यासारखा आहे. कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांत शिक्षकांच्या निम्म्याहून अधिक दुरुस्त्या चुकीचे वाक्य बरोबर करून सहज म्हणून टाकण्याच्या होत्या. पण विद्यार्थ्याने त्यावरून स्वतःला सुधारण्याचे प्रमाण त्याच प्रकारात सर्वांत कमी निघाले. 'यस्टर्डे आय गो' ला 'ओ, यू वेंट' असे उत्तर मिळाले की मूल 'येस' म्हणून पुढे जाते. 'यस्टर्डे आय...?' असे थांबून पाहिले तर ते स्वतः 'वेंट' म्हणण्याची शक्यता अधिक.

बाराही काळांना सारखा वेळ देणे मात्र अनाठायी आहे. प्रत्यक्ष वापरात साधी रूपे प्रचंड बहुसंख्य आहेत आणि 'विल हॅव बीन डूइंग' महिनोन्‌महिने कानावर पडत नाही. शिवाय मान्य उत्तर प्रदेशानुसारही बदलते. 'जस्ट', 'ऑलरेडी', 'येट' यांच्याबरोबर ब्रिटिश इंग्रजीला प्रेझेंट परफेक्ट आवडतो, तर अमेरिकन बोलीत 'डिड यू ईट येट?' बिनदिक्कत चालते. एकाच प्रश्नाला दोन वह्यांत दोन उत्तरे दिसली तर आधी वह्या कुठे छापल्या ते पाहावे.