टिंगाटिंगा चित्र घेताय? आधी प्राण्याचं बोलून घेऊ

फोनवर रोज येणारा प्रश्न एकच: "या प्राण्याचा अर्थ काय हो?" प्रश्नाची अडचण नाही. अडचण ही, की तो चित्र भिंतीवर लागल्यावर विचारला जातो.

आमच्या दुकानातली टिंगाटिंगा चित्रं टांझानियातल्या दार-एस-सलामहून येतात. तिथे मी अकरा वर्षं नोकरी केली, तेव्हापासून चित्रकारांशी ओळख आहे. ही शैली एडवर्ड सैदी टिंगाटिंगा यांची. त्यांचा जन्म १९३२ चा, दक्षिणेकडच्या तुंडुरू भागातला. १९६८ च्या सुमारास ते चित्रं काढू लागले. भांडवल म्हणजे सायकलीचा एनॅमल रंग आणि साधारण दोन फुटी चौकोनी हार्डबोर्ड. १९७२ मध्ये पोलिसांनी चोर समजून झाडलेल्या गोळीने ते गेले. सगळं काम जेमतेम चार वर्षांचं. पुढे नातेवाइकांनी आणि शिष्यांनी ते चालवलं. १९९० मध्ये त्यांची सहकारी संस्थाही झाली.

आता अर्थाचं. सिंह म्हणजे अमुक, जिराफ म्हणजे तमुक, असा तक्ता तिथे नाही. टिंगाटिंगांच्या पाटीवर बहुधा एकच मोठा प्राणी, मागे सपाट रंग. गिऱ्हाईक बरेचसे दार-एस-सलाममध्ये राहणारे परदेशी. पण प्राणी मुके आहेत असंही नाही. जिराफ हा तिथला राष्ट्रीय प्राणी. तरस गोष्टींमध्ये हावरट आणि बावळट. त्याला फसवतो ससा. आपल्याकडे जे काम कोल्हा करतो, ते तिकडे सशाकडे. काही भागांत चेटकिणी रात्री तरसावर बसून फिरतात अशीही समजूत आहे, तेव्हा तरस दिवाणखान्यात लावायचा असेल तर आजींना आधी विचारा.

चित्रात दात विचकणारी, वेड्यावाकड्या हातापायांची भुतं दिसली तर ती 'शेतानी'. आपला सैतान आणि हा शब्द मुळात एकाच अरबी घरातले. सगळे शेतानी वाईट नसतात, काही नुसते खोडकर. 'सिंबा' हा तिकडचा सिंहासाठीचा शब्द मात्र आपल्या सिंहावरून आला नाही. तो आफ्रिकेतल्या बांटू भाषांचा स्वतःचा शब्द. हे सांगितलं की काही जण नाराज होतात, त्याला इलाज नाही.

सगळ्यांत जास्त घोळ हत्तीचा. गिऱ्हाईक सांगतं, "हत्ती पाठवा." आम्ही पाठवतो. आठ दिवसांनी फोन: सोंड खाली आहे, वास्तूला चालत नाही. मग फ्रेम उघडा, चित्र परत गुंडाळा, कुरियर पुन्हा. एकांनी तर "सोंड तेवढी वर करून द्या" म्हटलं. ते आम्ही करत नाही. चित्रामागच्या चिठ्ठीवर चित्रकाराचं नाव असतं. त्याच्या हत्तीला आम्ही हात लावणार नाही. सोंड वर हवी ही अट आपली आहे, दार-एस-सलामच्या चित्रकाराला ती कोणी कळवलेली नसते.

म्हणून फ्रेम केलेलं चित्र परत घेत नाही. कडक वाटेल, पण पट्टी त्या मापाला कापली की दुसऱ्या चित्राला सहसा बसत नाही. त्याऐवजी फ्रेमआधी आम्ही चित्राचे चार फोटो पाठवतो. ते घरातल्या सगळ्यांना दाखवा, ज्यांना उशिरा बोलायची सवय आहे त्यांना आधी.

जमलं तर दुकानात या. बिबट्याच्या ठिपक्यांवरून हलकेच बोट फिरवा; प्रत्येक थेंब वर आलेला लागतो, फोटोत तो कळत नाही. एनॅमल असल्याने काच लागत नाही, तेवढा खर्च वाचतो. पुसायला कोरडं सुती फडकं पुरे, काच पुसायचा स्प्रे मारू नका.

सध्या सोंड वर असलेले दोन हत्ती आहेत. एकाच्या पाठीवर बगळा बसलाय. तो चालेल का, तेही आधीच सांगा.