प्रोटॉन मरतो का? कोलारच्या खाणीतली मागची गोष्ट

विज्ञान दिनाला आयुकाच्या, म्हणजे पुण्याच्या खगोलशास्त्र संस्थेच्या, रांगेत उभे होतो, पुढे एका शाळकरी मुलीने बाबांना विचारलं, सगळी बलं मुळात एकच होती म्हणतात, पण ते बघितलं कोणी? प्रश्न एकदम बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर रांगेत उभ्या उभ्या देता येत नाही.

मॅक्सवेलने १८६० च्या दशकात वीज आणि चुंबकत्व एका गणितात बसवलं हे शाळेत येतंच. शंभरेक वर्षांनी ग्लॅशो, वाइनबर्ग आणि सलाम यांनी त्याला वीक फोर्स जोडला, म्हणजे काही अणुकेंद्रं आपोआप कण बाहेर टाकतात त्या बीटा किरणोत्सर्गामागचं बल. वाइनबर्गचा पेपर १९६७ चा, सुरुवातीला त्याकडे फारसं कुणी बघितलंही नाही. १९७३ ला सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेत न्यूट्रल करंट, म्हणजे या थिअरीने आधीच सांगितलेला वीक फोर्सचा एक नवा प्रकार, दिसले तेव्हा चित्र पालटलं, आणि १९८३ ला वीक फोर्स वाहून नेणारे डब्ल्यू आणि झेड कणही हाती आले.

मग भूक वाढली. १९७४ ला आपले ओडिशाचे जोगेश पती आणि सलाम, आणि तिकडे जॉर्जाय आणि ग्लॅशो, यांनी अणुकेंद्र बांधून ठेवणारा स्ट्राँग फोर्सही त्याच कुटुंबात घ्यायच्या थिअरी मांडल्या. अडचण अशी की ही बलं जिथे एक होतात ती एनर्जी एलएचसीपेक्षा, म्हणजे सर्नमधल्या कणांच्या टकरी घडवणाऱ्या अवाढव्य मशीनपेक्षा, अब्जावधी पट जास्त, तेवढं मशीन कुणीच बांधू शकत नाही. पण या गणितातून एक गोष्ट बाहेर पडत होती: प्रोटॉन अमर नाही, साधारण १ वर ३१ शून्यं इतक्या वर्षांनी तो फुटणार.

एवढी वर्षं थांबणार कोण? पण एका प्रोटॉनकडे बघत बसण्यापेक्षा ढीगभर गोळा केले तर? कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेच्या लोकांनी जपानी सहकाऱ्यांबरोबर हेच केलं. जमिनीखाली २.३ किलोमीटर, कारण वरून येणारे कॉस्मिक रे, म्हणजे अवकाशातून येणारे कण, मधल्या दगडाने अडायला हवेत, आणि तिथे १४० टनांचा लोखंडी डिटेक्टर, लोखंडी प्लेट, कण टिपणारे काउंटर, प्लेट, काउंटर असे थर. १४० टनांत प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून साधारण ८ वर ३१ शून्यं भरतात, म्हणजे थिअरी खरी असेल तर वर्षाला पाच-दहा तरी फुटलेले दिसायला हवेत! १९८० च्या सुमाराला मोजणी सुरू झाली, आणि या ग्रुपने प्रोटॉन फुटल्यासारख्या काही घटना जाहीरही केल्या, पण अमेरिका आणि जपानमधल्या पाण्याच्या मोठ्या टाक्यांत तसं काहीच सापडलं नाही आणि जॉर्जाय-ग्लॅशोंची साधी थिअरी तिथेच बाद झाली.

मला हे अपयश वाटत नाही. कागदावरची थिअरी खोटी ठरवायला माणसं खाणीत उतरली, यालाच मी विज्ञान म्हणतो. शिवाय वातावरणात तयार होणारे न्यूट्रिनो, म्हणजे जवळजवळ कशानेच न अडणारे कण, पहिल्यांदा पकडले गेले त्यातही १९६५ ला कोलार होतंच. आणि ज्या टाक्या प्रोटॉनसाठी बांधल्या त्यांनीच १९८७ च्या सुपरनोव्हाचे, म्हणजे ताऱ्याच्या स्फोटाचे, न्यूट्रिनो टिपले, मग १९९८ ला जपानच्या सुपर-कामिओकांडे या टाकीने न्यूट्रिनो रूप बदलतात हे दाखवलं, म्हणजे त्यांना वजन आहे, जे स्टँडर्ड मॉडेलमध्ये, म्हणजे कणांच्या आजच्या मान्य थिअरीत, धरलेलंच नव्हतं.

२०१२ ला सर्नमध्ये हिग्ज सापडला, म्हणजे इतर कणांच्या वस्तुमानाशी जोडलेला कण. तो ज्या दोन डिटेक्टरांनी शोधला त्यातल्या सीएमएसवर आज पुण्यात पाषाणच्या आयसर या विज्ञान संस्थेतली मंडळीही काम करतात. प्रोटॉन मात्र अजून एकही फुटलेला दिसलेला नाही, सुपर-कामिओकांडेच्या ५०,००० टन पाण्याकडे वर्षानुवर्षं बघून त्याच्या आयुष्याची खालची मर्यादा आता १ वर ३४ शून्यांच्याही पुढे गेलीये. जपानमध्ये सुमारे २,६०,००० टनांची पुढची टाकी बांधताहेत.