मोरोविंड कुठलं आणि व्हार्डनफेल कुठलं?

‘एल्डर स्क्रोल्स’ ही कल्पित जगातली व्हिडिओ गेम मालिका खेळणाऱ्या आमच्या कोथरूडच्या मित्रांमध्ये एक वाद हमखास निघतो: मोरोविंड आज शिल्लक आहे का? मालिकेतल्या नंतरच्या ‘स्कायरिम’ खेळापासून सुरुवात केलेले ठामपणे सांगतात की ज्वालामुखी फुटला आणि सगळं राखेखाली गेलं. जुने खेळाडू चिडतात, आणि त्यांचं चिडणं रास्त आहे. राखेखाली गेलं ते मुख्यतः व्हार्डनफेल.

मोरोविंड हा या खेळांतल्या टॅम्रिएल खंडाच्या ईशान्येचा अख्खा प्रांत. व्हार्डनफेल हे त्या प्रांताच्या पोटातलं मोठं बेट, मधोमध रेड माउंटन हा ज्वालामुखी. जुन्नरचा माणूस पुणे जिल्ह्यातच राहतो, तरी एसटीत बसताना ‘पुण्याला चाललोय’ म्हणतो, आणि कुणाचा घोटाळा होत नाही. इथे झाला, कारण २००२ साली खेळ बनवणाऱ्या बेथेस्डा कंपनीने खोक्यावर ‘मोरोविंड’ हे जिल्ह्याचं नाव छापलं आणि आत व्हार्डनफेल हा एकच तालुका दिला.

त्यामागे कारण होतं. मूळ बेत सगळा प्रांत उभा करायचा होता, खेळाडूला तिथल्या डनमर लोकांच्या पाचही मोठ्या घराण्यांत जाता येणार होतं. तेव्हाच्या तंत्राला तो पसारा झेपणारा नव्हता, म्हणून खेळ व्हार्डनफेलपुरता ठेवला. त्याची खूण खेळात अजून दिसते. ह्लालू, रेडोरान आणि तेल्वानी या तीन घराण्यांत प्रवेश मिळतो. इंडोरिल आणि ड्रेस यांची नावं कानावर पडतात, पण त्यांच्यात जाता येत नाही. त्यांचा मुलूख समुद्रापलीकडे, मुख्य भूमीवर. मला हा भाग फार आवडतो. जे दाखवता आलं नाही, ते लोकांच्या बोलण्यातून आणि पुस्तकांतून जिवंत ठेवलंय.

मुख्य भूमीचा पहिला तुकडा त्याच वर्षीच्या ‘ट्रायब्युनल’ या पुरवणी भागात मिळाला: राजधानी मोर्नहोल्ड. पण तिथे चालत किंवा बोटीने जायची सोयच नाही. व्हार्डनफेलवरच्या एबनहार्टच्या किल्ल्यातली जादूगारीण तुम्हाला थेट तिकडे पाठवते. पोचल्यावर चारी बाजूंनी तट, आणि हवेत तरंगायला बंदी. व्हार्डनफेलवर तरंगण्याचा मंत्र रोजच्या वापरातला. तेल्वानींच्या बुरुजांत तर जिने नाहीत, वर जायचं तर तरंगतच. मोर्नहोल्डमध्ये बंदी का, तर तटापलीकडे काही बांधलेलंच नाही. ही शिवण एकदा दिसली की बेट आणि प्रांत यांतला फरक डोक्यात पक्का बसतो.

आता तिसरं नाव, रेस्डेन. हे व्हार्डनफेलचं जुनं नाव असं बरेच जण धरून चालतात. तसं नाही. रेस्डेन म्हणजे मोरोविंडचाच पूर्वावतार, सगळ्या मुलखाचं नाव. तिथे काइमर आणि ड्वेमर या दोन जमातींनी मिळून राज्य केलं. काइमरांचा नेता नेरेव्हार, ड्वेमरांचा राजा डुमाक. पुढे दोघांत रेड माउंटनपाशी लढाई जुंपली, ड्वेमर एका क्षणात नाहीसे झाले, काइमरांची कातडी राखाडी आणि डोळे लाल झाले. तेच आजचे डनमर, आणि त्यांचा देश मोरोविंड. म्हणजे बेटाचं नाव बदललं नाही, देशाचं बदललं. खेळातल्या जुन्या पोथ्यांत रेस्डेन वाचलं की पूर्ण नकाशा डोळ्यांपुढे आणावा.

गोंधळ वाढवला तो याच मालिकेतल्या ‘एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’ या इंटरनेटवरच्या खेळाने. २०१४ मध्ये तो आला तेव्हा स्टोनफॉल्स आणि डेशान हे मुख्य भूमीचे भाग आधीच त्यात होते, म्हणजे मोरोविंड खेळता येत होतंच. तरी २०१७ साली व्हार्डनफेल जोडलं त्या भागाला नाव दिलं ‘मोरोविंड’. जुन्या खेळाडूंना हाक मारायला ते ठीक होतं, पण नवख्यांसाठी नकाशा परत गढूळ झाला.

स्कायरिमच्या ‘ड्रॅगनबॉर्न’ विस्तारात रेव्हन रॉक गावात उभं राहून बघा. रस्त्यावर राख साचलेली, आणि समुद्रापलीकडे रेड माउंटन धुमसताना दिसतो. खेळातल्या कालगणनेत चौथ्या युगाच्या पाचव्या वर्षी तो फुटला, व्हिव्हेक शहर गेलं, व्हार्डनफेल उजाड झालं. मागोमाग दक्षिणेकडून आर्गोनियन हे सरड्यासारखे लोक चालून आले आणि मोर्नहोल्ड लुटलं गेलं. मार जबर बसला, पण प्रांत उरला: राजधानी वायव्येला ब्लॅकलाइटला गेली, कारभार रेडोरान घराण्याकडे आला, आणि खुद्द रेव्हन रॉक ज्या सोल्स्थाइम बेटावर आहे ते शेजारच्या स्कायरिम प्रांताच्या राजाने डनमरांना देऊन टाकलं. मोरोविंड संपलं असतं तर ते बेट दिलं कुणाला असतं?

एबनहार्ट या नावाचीही अशीच गल्लत. २००२ च्या खेळात ते व्हार्डनफेलच्या दक्षिण टोकाला, व्हिव्हेक शहराशेजारी. ‘ऑनलाइन’मध्ये ते मुख्य भूमीवर स्टोनफॉल्समध्ये. १९९४ च्या ‘अरीना’ या मालिकेतल्या पहिल्या खेळात या नावाचं शहर होतंच, त्यामुळे कुणा एकाला खोटं ठरवता येत नाही. ‘टॅम्रिएल रीबिल्ट’ या प्रकल्पातले हौशी लोक कित्येक वर्षं जुन्या खेळाला मुख्य भूमी जोडताहेत, फुकट आणि झपाटून. त्यांनी मुख्य भूमीवरच्या शहराला ‘ओल्ड एबनहार्ट’ म्हटलं आणि दोन्ही जागा नकाशावर ठेवल्या.