पार्श्वभूमी: फोटोवरून परोपजीवी माशी ओळखणे अवघड का?

पावसाळा सरताना पन्हाळा, राधानगरीच्या बाजूला फुलांवर करड्या, अंगभर राठ केसांच्या माश्या दिसतात. मोबाईलवरचा फोटो दाखवून नाव विचारले की जाणकार बहुधा ‘टॅकिनिड’ एवढेच सांगतात. ते कुळाचे नाव झाले, प्रजातीचे नव्हे. या एका कुळात जगभर साडेआठ हजारांच्या आसपास प्रजाती नोंदल्या आहेत. माशी फुलांतला मधुरस पिते. तिची अळी मात्र दुसऱ्या किड्याच्या अंगात वाढते आणि शेवटी त्याचा जीव घेते.

अडचणीचे मूळ 19व्या शतकात आहे. युरोपात माश्यांना भराभर नावे दिली जात होती, पण वर्णने त्रोटक असत. 1880च्या दशकात ओस्टेन-साकेन याने अंगावरचे राठ केस कुठे आणि किती, याची रीतसर मांडणी केली. हा गृहस्थ रशियाचा मुत्सद्दी, माश्या त्याचा छंद! तेव्हापासून ओळख पटवायची म्हणजे टाचणीला टोचलेली माशी भिंगाखाली फिरवून केस मोजायचे. तेवढ्याने भागले नाही तर नराची जननेंद्रिये तपासायची. एका बाजूने काढलेल्या फोटोत यातले फारसे काही दिसत नाही.

भारतात ब्रुनेटी या कीटकतज्ज्ञाने 1912पासून ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या इथल्या प्राण्यांवरच्या ग्रंथमालिकेत माश्यांचे खंड लिहिले, पण टॅकिनिड त्यांत आले नाहीत. दक्षिण आणि आग्नेय आशियातल्या टॅकिनिडांचा एकत्रित आढावा कीटकतज्ज्ञ क्रॉस्कीने घेतला, तोही 1976मध्ये.

शेतात मात्र ओळख दुसऱ्या वाटेने झाली. कोल्हापूरच्या मुख्य पिकाचे, उसाचेच घ्या. कीटकतज्ज्ञ टाउनसेंडने 1916मध्ये नाव दिलेली स्टर्मिऑप्सिस इन्फेरेन्स ही टॅकिनिड माशी उसातल्या खोडकिड्याच्या छिद्राशी जिवंत अळ्या सोडते. त्या आत सरपटत जाऊन किडा गाठतात. रेशीम शेतकऱ्याला उझी माशी (हीही टॅकिनिडच) ओळखायला केस मोजावे लागत नाहीत, रेशीमकिड्यावरचे पांढुरके अंडे पुरते. मूळची बंगालकडची ही माशी 1980मध्ये कोषांबरोबर शेजारच्या कर्नाटकात पोचली.

म्हणून नुसत्या माशीच्या देखण्या फोटोपेक्षा ती कोणत्या अळीतून निघाली, ही नोंद मला जास्त मोलाची वाटते. संशयित अळी तिच्याच पाल्यासह जाळी लावलेल्या बरणीत ठेवावी. माशी बाहेर पडली की पाठ, कूस, चेहरा आणि पंखाच्या शिरेचे वळण असे वेगवेगळे फोटो घ्यावेत, आणि माशीचा रिकामा कोष फेकू नये.